गवत उगवेपर्यंत

फेब्रुवारी संपत आला की माझा उजवा हात बेचैन होतो. बोटांपासून नव्हे, थेट खांद्यापासून. पशुवैद्याचा हात गाईच्या पोटात खांद्यापर्यंत जातो, त्यामुळे आठवणीही तिथपर्यंत साठत असाव्यात. इथं कॅरी नावाच्या अमेरिकन गावात या दिवसांत रस्त्यारस्त्यावरची पेअरची झाडं पांढरीशुभ्र फुलतात. लांबून बघावं तर डोळे निवतात, जवळ जावं तर शिळ्या बोंबलाचा वास येतो. माझी तीन वर्षांची ईशा गाडीत मागे बसून नाक दाबते आणि म्हणते, "आई, दॅट ट्री इज सो स्टिंकी!" मी मात्र काच खाली करते. मला त्याच्यामागून येणारा दुसराच वास हवा असतो. ओल्या केसांचा, तोंडाच्या वाफेचा, नुकत्याच व्यालेल्या गाईचा. तो इथं कुठून येणार? मग मी काच वर करते आणि डेकेअरच्या वळणावर इंडिकेटर देते.

गेल्या शनिवारी मॉरिसव्हिलला एका घरी पॉटलक होता. आमची नागपूरची विद्या खरवस घेऊन आली होती. "अगं, काही नाही त्यात," ती सगळ्यांना सांगत होती. "कंडेन्स्ड मिल्क, योगर्ट, थोडी मिल्क पावडर. मिक्स करायचं आणि ओव्हनमध्ये बेक करायचं. एकदम ऑथेंटिक लागतो यार, बघ तर खाऊन!" समोर बसलेल्या माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं, ताटलीत एकदम फार रस घेतला. "मी आज स्वीट स्किप करतो," तो पुटपुटला. मला इतकं हसू फुटलं की पाणी नाकात गेलं. विद्याला वाटलं मी तिच्या खरवसाला हसले, आणि तिची समजूत घालता घालता पुरेवाट झाली. चार वर्षं झाली, आम्हा दोघांना खरवस दिसला की आधी अपराधी वाटतं आणि मग हसू येतं.

२००४ सालचा तो वसंत. वसंत म्हणायचा तो कॅलेंडरपुरता, बाहेर गुडघाभर बर्फ होता. मिलिंदचं प्रोजेक्ट नेब्रास्कात होतं, प्लॅट नदीकाठच्या एका लहानशा शहरात. तो सकाळी लॅपटॉप घेऊन जायचा आणि मी अपार्टमेंटच्या बेज रंगाच्या कार्पेटवर उभी राहून आता काय करावं याचा विचार करायची. मी परभणीची. तिथंच पशुवैद्यक शिकले, तिथंच तीन वर्षं दवाखान्यात काम केलं, अडलेल्या गाई-म्हशी सोडवल्या. आणि इथं एच-फोर व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, डॉक्टरकी करायला या देशाची परीक्षा हवी होती, आणि गाडी चालवता येत होती ती फक्त लायब्ररीपर्यंत. रोज लायब्ररीत जाऊन मी गाईगुरांची मासिकं वाचायची. मुलीबाळी फॅशनची मासिकं चाळतात तशी मी बैलांचे फोटो चाळत बसे.

तिथंच मला डार्लीन ओल्सन भेटल्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, हातात मोठ्या टायपातल्या कादंबऱ्यांचा गठ्ठा. माझ्या खांद्यावरून मासिकात डोकावून त्यांनी विचारलं, "तुला गाई आवडतात?"

"मी गाईंची डॉक्टर आहे," मी म्हटलं. कितीतरी महिन्यांनी हे वाक्य मी मोठ्यानं उच्चारलं होतं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग इथं काय करते आहेस?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे गाई व्यायला लागल्यात. उद्या ये. जेवायलाच ये. पण आमच्याकडे पाहुण्यांनाही बूट चढवावे लागतात."

अशी मी ओल्सनांच्या रँचवर गेले. पगार नाही, पद नाही, एक शेजारीण म्हणून. शेजार चाळीस मैलांचा, पण तिकडे ते जवळच समजतात. हळूहळू मी आठवडाभर तिथंच राहू लागले.

त्या मुलखाला सँडहिल्स म्हणतात. म्हणजे वाळूच्या टेकड्याच, वर गवत. क्षितिजापर्यंत टेकड्या, झाड म्हणून नाही, अधूनमधून एखादी पवनचक्की आणि तिच्या पायाशी पाण्याची गोल टाकी. डार्लीनचे यजमान वेंडेल ओल्सन यांचे आजोबा स्वीडनहून आले तेव्हा घर बांधायला लाकूड नव्हतं. त्यांनी गवताच्या मुळांसकट मातीच्या विटा कापल्या आणि त्यांचं घर रचलं. त्यांच्याकडे सहा तांबड्या गाई होत्या. त्या घराचा आता नुसता उंचवटा उरला आहे आणि त्याच्या कडेला गाई पाठ खाजवतात. वेंडेल यांच्या वडिलांनी एकदा शेजाऱ्यांचं ऐकून टेकडी नांगरली आणि मका पेरला. एका उन्हाळ्यात मका वाळला, पुढच्या वाऱ्यात टेकडी उडाली. मग त्यांनी गवताचं बी गोळा करून मूठ मूठ पेरलं आणि ती टेकडी परत झाकायला त्यांचं उरलेलं आयुष्य गेलं. "गाई काय, कुणालाही पाळता येतात," वेंडेल मला म्हणाले होते. "गवत पाळायला तीन पिढ्या लागतात." नंतर तांबड्या गेल्या, काळ्या अँगस आल्या, घोड्यांच्या जोडीला पिकअप आला, पण नांगर पुन्हा कधी आला नाही.

त्यांना नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना. मी त्यांना वेंडेलकाका म्हणायला लागले आणि डार्लीनना काकू. काकूंना ते इतकं आवडलं की चर्चमधल्या मैत्रिणींना त्या सांगत सुटल्या, "मी आता काकू आहे!"

पण त्या वर्षी त्या घरावर एक टांगती तलवार होती. जानेवारीत बर्फावरून घसरून वेंडेलकाकांचं कमरेचं हाड मोडलं. त्यांचा एकुलता मुलगा डेन्व्हरला वकील. तो आला आणि म्हणाला, पप्पा, बस झालं, गाई बाजाराला काढा आणि गवत शेजाऱ्याला भाड्यानं द्या. आणि मग त्याचीच मुलगी उठली. टेस. बावीस वर्षांची, शेतकी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, चेहऱ्यावर तीळ आणि आवाज घोगरा. ती म्हणाली, "एक सीझन मला द्या. मी सांभाळते."  वेंडेलकाका म्हणाले, "गवत उगवेपर्यंत." म्हणजे फेब्रुवारी ते मे. गाई नीट व्याल्या, वासरं जगली, कळप मेच्या हिरव्या गवतावर उभा राहिला, तर रँच चालवायची टेसनं. नाही तर मेअखेरीस सगळ्या गाई लिलावाला. बाईमाणूस म्हणून म्हाताऱ्यानं अट घातली असं मला आधी वाटलं होतं आणि मी मनातल्या मनात चिडलेही होते. नंतर कळलं, त्यांच्या वडिलांनीही त्यांना अशीच अट घातली होती. त्या घरात वारसा मिळत नाही, तो व्यायच्या हंगामात कमवावा लागतो.

अट घातली खरी, पण म्हाताऱ्याला स्वस्थ बसवेना. स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी त्यांची खुर्ची, मांडीवर दुर्बीण आणि हातात वायरलेस. टेसच्या कोटाच्या खिशात दुसरा वायरलेस. दिवसभर तो खरखरत असे. "टेस, कुंपणाशी एक शेपूट वर करून उभी आहे." "टेस, गवताचा गठ्ठा वाऱ्याच्या बाजूला टाकलास." "टेस, तुझी ती डॉक्टर चुकीच्या बाजूनं येते आहे, गाय बिथरेल." आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकतात, इथं खुर्चीवरून गाई हाकणं चालू होतं. टेस दात आवळून "येस, ग्रँडपा" म्हणायची. गंमत म्हणजे दहातल्या नऊ वेळा म्हाताऱ्याचंच बरोबर असायचं, आणि त्यामुळे ते अधिकच असह्य व्हायचं.

ते दिवस मला आठवतात ते घटनांनी नाही, स्पर्शांनी. पहाटे पाचचा उजेड, निळा. बुटाखाली गोठलेलं शेण मोडण्याचा आवाज. नदीकडून करकोच्यांचे थवेच्या थवे येत, इतके की त्यांच्या ओरडण्यात आपलं बोलणं ऐकू येऊ नये. पहिल्या वेताच्या कालवडी वेगळ्या कुंपणात, त्यांच्या कानात हिरवे बिल्ले. व्यायच्या आधी त्या कोपरा धरतात, उठतात, बसतात, स्वतःच्या कुशीकडे आश्चर्यानं वळून बघतात. मग वाफाळतं वासरू बर्फावर पडतं. आई हुंगते आणि घशातल्या घशात एक आवाज काढते, जो ती एरवी वर्षभर कधीच काढत नाही. परभणीच्या गाईही तोच आवाज काढायच्या. तो पहिल्यांदा ऐकला त्या दिवशी मी गोठ्याच्या मागे जाऊन मनसोक्त रडले आणि परत येऊन दुसऱ्या गाईला हात घातला.

पहिल्याच आठवड्यात एका कालवडीचं वासरू अडलं. पुढचा एक पाय मागे दुमडलेला. टेस वासरू ओढायची साखळी आणायला धावली. मी म्हटलं, थांब. बाह्या वर केल्या, हात धुतला आणि आत घातला. आत ऊब होती. बाहेर कान गोठत होते आणि आत माझ्या बोटांना ते इवलं खूर सापडलं. मुठीत झाकून ते वळवायचं, आईला इजा होऊ द्यायची नाही, कळ येईल तेव्हा थांबायचं. हाताला सगळं पाठ होतं. दहा मिनिटांत वासरू बाहेर. खिशातला वायरलेस खरखरला. "कुणी काढलं?" टेस म्हणाली, "डॉक्टरनं."  मग वेंडेलकाका म्हणाले, "तिला म्हणावं, कॉफी तयार आहे." तेवढ्या एका वाक्यावर मी महिनाभर हवेत होते.

इथं एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, नाही तर वाचणाऱ्यांच्या मनात ती राहील. या गाई दुधाच्या नव्हत्या. ही वासरं शरद ऋतूत मांसासाठी विकली जाणार होती. ज्या वासराला मी तोंडात फुंकर मारून जगवलं त्याचं पुढं काय होणार हे मला ठाऊक होतं. आईला फोनवर मी हे कधी सांगितलं नाही. वेंडेलकाकांना एकदा विचारलं, तुम्हाला काही वाटत नाही? ते म्हणाले, "वाटतं. ज्या दिवशी वाटणं थांबेल त्या दिवशी हा धंदा सोडावा." माझं त्यानं समाधान झालं नाही, आजही होत नाही. पण तिथली एकही गाय भुकेली, तहानलेली किंवा दुखणं अंगावर काढत उभी राहिलेली मी पाहिली नाही, आणि रस्त्यावर प्लॅस्टिक खाणाऱ्या गोमाता मी पुष्कळ पाहिल्या आहेत. एवढंच मला म्हणता येतं.

आता खरवसाकडे यायला हवं. किती टाळणार?

दर रविवारी मिलिंद मला न्यायला यायचा आणि काकू आम्हाला काही तरी द्यायला बघायच्या. त्यांच्याकडे द्यायला होतं ते मांस, आणि ते आम्ही घेत नसू. मार्च संपता संपता त्या बिचाऱ्या हिरमुसून म्हणाल्या, "बूट काढायच्या खोलीत मोठा फ्रीझर आहे. त्यातलं तुम्हाला चालेल ते काहीही घ्या. मोकळ्या हातानं जाऊ नका." मिलिंदनं फ्रीझर उघडला आणि तो ओरडलाच, "शुभा, अगं हे बघ!" खालच्या कप्प्यात घट्ट पिवळ्या, गोठलेल्या दुधाच्या चार बाटल्या. चीक! पहिल्या दिवसाचा, निर्भेळ चीक! पुण्यात याच्यासाठी डेअरीवर पहाटे रांग लावावी लागते.

मी पशुवैद्य. नवजात वासराच्या पोटात पहिल्या काही तासांत चीक गेला नाही तर ते जगत नाही, हे मी परीक्षेत तीनदा लिहिलं आहे. पण मी शिकले ती दुधाच्या गाईंवर. तिथं वासरू पिऊन उरलेला चीक बादलीनं निघतो. मांसाची गाय आपल्या वासरापुरतंच दूध देते, वर थेंब उरत नाही, हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. ते सुचलं नाही, कारण जिभेवर वेलदोडा आला होता. मी म्हटलं, "दोनच घे." त्यानं चारही घेतल्या आणि मी अडवलं नाही.

मिलिंदनं डेन्व्हरहून आणलेला गूळ किसून, वेलदोडा-जायफळ घालून तो असा काही खरवस केला की काय सांगू! गावात ओळखीचं दुसरं कुणी नसल्यामुळे आम्ही तो ओल्सनांकडेच घेऊन गेलो. काकूंनी मान डोलवत खाल्ला. टेसनं दोन वड्या खाल्ल्या. वेंडेलकाकांनी ताटली चाटूनपुसून पुढं केली आणि विचारलं, "उत्तम आहे. कशाचा करतात?"

मिलिंदनं अभिमानानं सांगितलं.

टेसचा चेहरा पांढरा पडला. त्या बाटल्या म्हणजे हंगामाची शिल्लक होती. आई मेलेल्या, आईनं टाकलेल्या वासरांसाठी एकेका गाईच्या मिनतवाऱ्या करून जमवलेली. वेंडेलकाकांनी चमचा खाली ठेवला.  मग त्यांनी आणखी एक वडी स्वतःच्या ताटलीत घेतली. "आता वाया घालवण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. मिलिंदला हसावं की पळावं कळेना. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला आणि टेसकडे बघितलं. "फ्रीझर तुझा होता," ते म्हणाले.

माझ्या जिभेचे चोचले आणि दोष तिच्या खात्यात. मला कुणी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

एप्रिलच्या मध्याला वादळ आलं. सकाळी पाऊस, दुपारी बर्फ आणि वारा असा की वीस पावलांवरचा गोठा दिसेना. कोरडा बर्फ वासरं सोसतात, भिजल्यावर पडलेल्या बर्फानं मरतात. मी अडकले, रस्ते बंद. टेस आणि मी ओली वासरं उचलून पिकअपच्या हीटरपाशी ठेवायचो, तिथून काकूंच्या बाथटबमध्ये, गरम पाण्यात. त्या सुंदर गुलाबी टबात एका वेळी दोन वासरं आणि काकू गुडघ्यावर बसून त्यांचे कान चोळताहेत! तीन दिवस कुणी कुणाशी वाक्य पुरं बोललं नाही. पहिल्या दिवशी तीन वासरं गेली. टेसनं ती गोठ्याच्या भिंतीशी ओळीनं ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ग्रँडपा मोजताहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरव्या बिल्ल्याची एक कालवड व्याली. वासरू धडधाकट, पण कालवड त्याला लाथा मारू लागली, आणि तिच्या कासेत दूधही नव्हतं. वासराला चीक हवा होता, लगेच. चिकाच्या पावडरची शेवटची पुडी आदल्या दिवशी संपली होती. टेसनं फ्रीझर उघडला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी मात्र तिथं उभी राहून जमिनीत शिरायला जागा शोधत होते.

त्याच सकाळी चारशे सतरा नंबरची म्हातारी गाय मेलेलं वासरू व्याली होती. ही गाय कळपात कुप्रसिद्ध. आदल्या वर्षी तिनं वेंडेलकाकांना टाकीत ढकललं होतं. ती मेलेल्या पिल्लावर उभी होती आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हती. टेस म्हणाली, "तिच्यात चीक आहे."

वायरलेस खरखरला. सकाळच्या दोन्ही बातम्या म्हाताऱ्याला कळल्या होत्या, आमचा विचार त्यानं न बघताच ओळखला होता. "टेस, चारशे सतराच्या जवळ जायचं नाही. ती माणूस मारेल. ते वासरू सोडून दे. एका वासरासाठी दोघी जणी जायच्या नाहीत. ऐकते आहेस ना?"

टेसनं वायरलेस खिशातून काढला. त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग बटण फिरवून तो बंद केला आणि गव्हाणीत ठेवून दिला.  "तुला हातानं दूध काढता येतं?" तिनं मला विचारलं.

"मी परभणीची आहे," मी म्हटलं.

चारशे सतराला खोड्यात घ्यायला आम्हाला तासभर लागला. माझ्या मांडीवरचा तो काळानिळा डाग जूनपर्यंत टिकला. पुढं जे केलं ते तिकडे पिढ्यान् पिढ्या करतात. टेसनं मेलेल्या वासराचं कातडं सोडवलं, पायांसाठी भोकं पाडली आणि ते त्या जिवंत वासराच्या अंगावर स्वेटरसारखं चढवलं, गाईला आपल्याच पिल्लाचा वास यावा म्हणून. मला आमच्याकडचे काही गवळी आठवले. वासरू मेलं की ते त्याच्या कातड्यात पेंढा भरत आणि गाईसमोर उभं करत, तिनं दूध द्यावं म्हणून. मला तो प्रकार कधी बघवला नाही. इथंही गाईला फसवणंच होतं, पण या कातड्याच्या आत कुणी तरी थरथरत होतं आणि त्याला आई मिळणार होती.

मी कासेला गरम फडकं लावलं. सड धरले. थेंब नाही. तिनं दूध चढवून ठेवलं होतं. अशा वेळी जबरदस्ती करायची नसते. मी तिच्या कुशीला डोकं टेकलं आणि बोलायला लागले. काय बोलले? तेच, आमच्या दवाखान्यातले गडी बोलायचे ते. "हो बाई, हो. सोड गं माय. लेकरू आलंय तुझं." नेब्रास्कातल्या अँगसला परभणीची भाषा कळायचं कारण नव्हतं. टेसनं वासरू तिच्या नाकापुढं धरलं. तिनं फुसकारलं. पुन्हा हुंगलं. मग आणखी एकदा, शेपटीपाशी. आणि मग तो आवाज आला, घशातल्या घशातला. त्याच क्षणी माझ्या मुठीत सड भरून आले. पान्हा सुटला! पिवळाधमक, दाट चीक बाटलीत पडू लागला, आणि टेस वासराला मिठी मारून मोठमोठ्यानं हसत होती, रडत होती, माझं नाव घेऊन काही तरी ओरडत होती. आयुष्यात मला डिग्री मिळाली, व्हिसा मिळाला, ग्रीन कार्डही मिळालं. त्या बाटलीइतका आनंद कशानं झाला नाही.

आम्ही घरात आलो तेव्हा दुपार टळली होती. वायरलेस चार तास बंद होता. वेंडेलकाका खिडकीपाशीच होते. दुर्बिणीतून बर्फाखेरीज काही दिसत नव्हतं, तरी ती त्यांच्या हातात होती. त्यांचा चेहरा मी तोपर्यंत असा पाहिला नव्हता. म्हातारा भ्याला होता.

"प्यायलं?" त्यांनी विचारलं.

"प्यायलं," टेस म्हणाली. "आता उभं राहून तिलाच पितंय. तिनं ठेवून घेतलं."

 वायरलेसबद्दल अवाक्षर नाही. रात्रीच्या जेवणाला काकूंनी मला हळूच सांगितलं, वादळात एकूण चार वासरं गेली, वेंडेलच्या चांगल्या वर्षांतही याहून जास्त जायची. पण निकाल काही लागला नाही. एप्रिल संपला. टेकड्यांवर आधी हिरवी शंका आली, मग खरंच हिरवं आलं. टेस कुंपणं दुरुस्त करत होती, वाळत चालली होती, आणि विचारत नव्हती. मुलाचा डेन्व्हरहून दोनदा फोन आला. लिलावाचं काय ठरलं म्हणून. काका म्हणाले, "बघू."

मेच्या एका शनिवारी वासरांना मालकीचा डाग द्यायचा आणि लस टोचायचा दिवस ठरला. त्या दिवशी सगळा शेजार मदतीला येतो. पैशाचा प्रश्न नाही, आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. आपल्याकडच्या सावडीसारखंच. पण एक रीत आहे. कोण घोड्यावर बसणार, कोण दोर टाकणार, कोण लस टोचणार, हे घरधनी सांगतो. त्यानं सांगितल्याशिवाय कुणी दोराला हात लावत नाही, मग तो कितीही जुना मित्र असो.

सकाळी सात वाजता वीस-पंचवीस माणसं, घोडे, पिकअप. हवेत कॉफी आणि पायांखालच्या कोवळ्या गवताचा वास. वासरं एका कुंपणात, आया बाहेर, आणि दोघांच्या हंबरण्यानं कान किटलेले. माणसं सवयीनं वेंडेलकाकांच्या पिकअपभोवती गोळा झाली. काका काठी घेऊन उतरले होते. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. टेस कुंपणापाशी एकटी उभी, हातात दोराचं वेटोळं, मान खाली. मला वाटलं, आता हे सांगायला लागतील आणि संपलं. काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली.

वेंडेलकाकांनी कप पिकअपच्या बॉनेटवर ठेवला. काठी टेकत टेकत ते कुंपणाकडे निघाले. ते अंतर पन्नास पावलांचं असेल, त्यांना बराच वेळ लागला, आणि कुणीही हात द्यायला पुढं झालं नाही. टेसच्या समोर जाऊन ते थांबले. तिच्या शेजारी नाही, समोर, जिथं मदतीला आलेले शेजारी उभे राहतात तिथं. डोक्यावरची हॅट काढली.

"मी कुठं हवाय तुला?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

एकेक करून बाकीची माणसंही वळली आणि त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

टेसनं दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं.  तिनं सगळ्यांना कामं वाटली, नावानिशी, न अडखळता. दोर टाकणारे चौघे, वासरं धरणारे, डाग देणारे. मला म्हणाली, "डॉक्टर, तू माझ्याबरोबर." सगळ्यांत शेवटी आजोबांकडे वळली.

"ग्रँडपा, तुम्ही लस भरायची. तिथं सावलीत खुर्ची ठेवली आहे. आणि उभं राहायचं नाही."

"येस, मॅम," वेंडेलकाका म्हणाले, आणि जाऊन बसले.